मशिनीमागचा डबा

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच लिहून ठेवतो. तारेला तार लागली की करंट जातो, सुटली की जात नाही, एवढ्या गोष्टीवर मी जन्म काढला. रेडिओ बोलायचा बंद झाला की लोक त्याला अंगारा लावायचे, कुणाची नजर लागली म्हणायचे, आणि शेवटी माझ्याकडं आणायचे. मी मागचं झाकण काढून त्यांना पालीची अंडी दाखवायचो. एवढं असून मल्हारीच्या डब्याची गोष्ट निघाली की माझी सून म्हणते, मामा, पोरांपुढं नको. म्हणून इथं लिहितो. ज्याला रात्रीचं भ्या वाटतं त्यानं खुशाल रात्री वाचावं. यातलं जे घडलं ते सगळं भर दुपारी घडलं, लख्ख उन्हात.

तेव्हा मला मिसरूड फुटत होतं आणि मी नळदुर्गाला उस्तादांच्या दुकानात कामाला होतो. शाळा माझी चौथीतच सुटली. माझी बेरीज बरोबर होती, मास्तर चूक म्हणाले, मी मान्य केलं नाही, त्यांनी छडी घेतली आणि दुसऱ्या दिवशीपासून मी गेलोच नाही. ती बेरीज आजही बरोबरच आहे. इंग्रजी अक्षरं मी रेडिओच्या व्हॉल्वच्या काचेवरनं आणि आयसीच्या, म्हणजे काळ्या चिपच्या, पाठीवरनं शिकलो. एकेक अक्षर लावून वाचायचो, अजून तसंच वाचतो. दुकान हमरस्त्याला लागून. सोलापूर-हैद्राबाद ट्रका जायच्या आणि प्रत्येक ट्रकबरोबर बाकावरचे स्क्रू थरथरायचे. ड्रायव्हर लोक पलीकडच्या धाब्यावर जेवायला उतरले की आपला टेप काढून आमच्या पुढ्यात टाकायचे आणि हात धुऊन येईस्तवर दुरुस्त करून मागायचे. सोल्डरच्या राळेचा वास, धाब्यावरच्या लसणाच्या फोडणीचा वास आणि एकाच वेळी वाजणारे तीन-चार टेप, प्रत्येकाचं गाणं निराळं. उस्ताद एका कानानं बहिरे होते. ते स्पीकरच्या कागदाला बोटाचं पेर टेकवून आवाज तपासायचे. मीही तसंच करायला लागलो. अजून करतो, कान चांगले असून.

भिवा तात्या दुकानात आले ते खांद्यावर घोंगड्यात बांधलेलं काहीतरी घेऊन. तात्या मेंढरंवाले, हमरस्ता सोडून आत माळावर त्यांचं घर. आम्हाला वाटलं रेडिओ असेल. घोंगडं सोडलं तर आत पाटीएवढी चपटी काळी पेटी, वर रबराच्या बटनांच्या ओळी आणि बटनांवर इंग्रजी अक्षरं. "कॉम्प्युटर हाय," तात्या म्हणाले, आणि तो शब्द त्यांनी असा जपून उच्चारला जसं डॉक्टरनं सांगितलेल्या आजाराचं नाव घ्यावं. आत्ताच्या पोरांना सांगून पटायचं नाही, पण तेव्हा ही जातच वेगळी होती. त्याला स्वतःचा पडदा नव्हता, टीव्हीला जोडायचा. त्याच्याकडनं काही करून घ्यायचं असलं की ते साध्या टेपच्या कॅसेटवर आवाजाच्या रूपानं भरून ठेवायचं, आणि परत लागलं की कॅसेट वाजवून त्याला ऐकवायची. ऐकलं की त्याला सगळं आठवायचं. बटन बंद केलं की परत कोरा.

पेटी तात्यांच्या थोरल्या पोराची, मल्हारीची. त्यांच्या भावकीत दहावीच्या पुढं गेलेला पहिला माणूस. हैद्राबादला एका कारखान्यात कामाला होता. तिथं मोडीत निघालेली ही पेटी त्यानं मागून घेतली आणि चालू केली. पेटीची मेमरी तोकडी, म्हणून तिच्या पाठीमागच्या फटीत बसणारा एक डबा त्यानं स्वतः बनवला. डबा लावला की पेटीच्या ध्यानात जास्त मावायचं, आणि बाहेरच्या तारासुद्धा तिला जोडता यायच्या. तो डबा कारखान्यात दाखवायला म्हणून घेऊन तो शेवटचा हैद्राबादला गेला. तिथं ताप आला, ताप डोक्यात चढला, आणि इथनं माणसं पोचायच्या आत तिकडंच सगळं उरकलं होतं. तात्या मडक्यात राख घेऊन आले. डब्याचा पत्ता लागला नाही. घरी राहिली ही पेटी, मल्हारीनंच आणलेला छोटा टीव्ही, आणि त्यानं भरलेली एक कॅसेट. डब्यावाचून ती कॅसेट पेटी शेवटापर्यंत ऐकून घ्यायची आणि पडदा काळा करून गप व्हायची.

"त्याची आई ती कॅसेट रोज टेपवर लावती," तात्या म्हणाले. "नुसती किंचाळती बघा ती. ही म्हणती मल्हारी बोलतोय. तोंड बघितलं न्हाय ना हिनं त्याचं, तर गेला हेच पटंना तिला. एकदा टीव्हीवर दाखवा, त्यात काय हाय ते. काय का असंना. बघितलं म्हंजी सुटंल ती ह्यातनं."

उस्तादांनी घोंगडं परत झाकलं. "दत्तू, ये अपना काम नै," असं ते मला म्हणाले, तात्यांना नाही. मेलेल्या पोराची चीज, आणि रेडिओ असता तर गोष्ट वेगळी, यात काय आहे तेच आपल्याला ठाऊक नाही. तेवढं ऐकलं आणि माझं ठरलं. कुणी नाही म्हणलं की माझ्या अंगात काहीतरी भरतं. माझी बायको असेपर्यंत याच्यावरनं रोज भांडायची. मी तात्यांना म्हणलं, डबा मी बनवतो.

कॅसेट आणि पेटी घराबाहेर जाऊ द्यायला मल्हारीची आई तयार नव्हती, म्हणून मीच तिकडं जायला लागलो. सकाळी दुकान, आणि एकाआड एक दुपार तात्यांच्या घरी. पहिल्या दिवशी मी पायवाटेनं चढत होतो तोवर ऊन असं होतं की माळावरचे दगडसुद्धा पांढरे दिसत होते. कुठं चिटपाखरू नाही. आणि त्या शांततेत घराकडनं तो आवाज यायला लागला. आधी एकसारखी लांब शीळ, दम न घेता. मग एकदम चर्रर्र करून पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा, आणि त्या चरचरीच्या आत खाली कुठंतरी बारीक चढ-उतार, जसं भिंतीपलीकडं कुणी घाईघाईनं बोलतंय आणि शब्द तेवढे कळत नाहीत. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. त्या आवाजात काय असतं हे मला माहीत होतं तरी राहिले.

घर माळवदाचं, जाड मातीच्या भिंतीचं. आत शिरलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. उजेड एवढाच, की छताला धूर जायला ठेवलेलं एक सवणं होतं, त्यातनं उन्हाचा एक तुकडा पडायचा आणि दुपारभर जमिनीवरनं सरकत सरकत भिंतीच्या फळीपर्यंत जायचा. दाराला दोन फळ्यांचं कवाड. मागं मेंढरांचं वाडगं. आत लोकरीचा आणि शेळीच्या दुधाचा वास. मल्हारीची आई टेपपुढं बसलेली होती, मांडीवर हात ठेवून, कीर्तनाला बसावं तशी. तिकडं आईला अव्वा म्हणायची रीत. सगळा माळ तिला अव्वाच म्हणायचा, मीही म्हणायला लागलो. कॅसेट संपली तशी ती उठली, आणि मी कोण, कशाला आलो, काही न विचारता माझ्यापुढं ताटली ठेवली. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि हुलग्याचं ऊन माडगं. मी बोटं चाटून खाल्लं. मग हळूच म्हणलं की अव्वा, ही रोज वाजवली तर फीत झिजेल, आणि झिजली की मशीनला वाचता यायची नाही.

"मला येतीय की वाचता," ती म्हणाली.

मी विचारलं, काय म्हणतोय तो. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच अडाणी. "तुला टेपचा आवाज आइकून कळतं का न्हाय, आत काय बिघडलंय ते? तसंच हाय हे. सांगता येतंय व्हय?" खरंच सांगता येत नाही ते.

डबा बनवायला पावसाळा गेला. पेटीच्या पाठीमागं एक फट, तिच्यात कंगव्याच्या दात्यांसारखी पट्ट्यांची ओळ. कुठल्या पट्टीवर काय आहे हे कळल्याशिवाय हात घालायची सोय नव्हती. सोलापूरला एक सर टेक्निकल शिकवायचे, त्यांच्याकडं गेलो. त्यांनी मला वर्गाच्या फरशीवर बसवलं आणि खडूनं सगळी ओळ काढून दिली: ही पट्टी पाच व्होल्टची, ही अर्थिंगची, इथनं पत्ता जातो, इथनं माल येतो. मी ती पाठ केली तेव्हाच उठलो. मोडक्या बोर्डावरनं मेमरीच्या आयसी त्यांनीच काढून दिल्या, आणि बजावलं की पट्ट्यांवर बसणारी डब्याची खोबण एक पट्टी जरी सरकून बसली तरी पेटी जळेल, मग देवसुद्धा दुरुस्त करायचा नाही. त्या मापाची खोबण बाजारात नव्हती. मी टेलिफोनच्या भंगारातली लांब खोबण आणली, आक्साब्लेडनं कापून आखूड केली, आणि ती सरकू नये म्हणून मधल्या दातांत कंगव्याचा एक तुकडा तापवून घट्ट बसवला. तारा टेलिफोनच्याच, केसासारख्या बारीक, रंगीत. अव्वाच्या घरात बसून एकेक तार सोल्डरनं टाचायची, मीटरनं बघायची, पुढची टाचायची. सुमन, मल्हारीची धाकटी बहीण, दहावीला होती. ती शाळेतनं आली की मला बॅटरी धरायची आणि माझ्या इंग्रजी वाचण्याला हसायची. एकदा म्हणाली, दत्तूदादा, तुम्ही अक्षर वाचता का मोजता? ते मला लागलं.

सगळं प्लॅस्टिकच्या जेवणाच्या डब्यात बसवलं. बाहेरच्या तारांसाठी मल्हारीच्या डब्याला दोन टोकं होती असं सुमननं सांगितलं होतं, म्हणून मीही पुढच्या अंगाला दोन पितळी स्क्रू ठेवले. जोडायला तार नव्हती, पण असावेत म्हणून ठेवले. मला अर्धं काम करायची सवय नाही. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात डबा पुरा झाला, आणि अव्वा म्हणाली, आता खंडेनवमीची पूजा झाल्यावरच चालू करा. आमच्याकडं त्या दिवशी हत्याराला विश्रांती असते. मी दुकानात होतो. उस्ताद मुसलमान, पण दरवर्षी त्या दिवशी तेच सकाळी झेंडू आणायचे आणि माझ्याकडनं मीटरला, पकडीला, सोल्डरिंगला हळदीकुंकू लावून घ्यायचे. इकडं अव्वानं लोकर कातरायच्या कातरी, विळे, कुऱ्हाड ओळीनं मांडली, आणि शेवटी पेटी आणि माझा डबा. हे मला दुसऱ्या दिवशी दिसलं. कातरीच्या रांगेत आपला डबा बघून छाती फुगली, खोटं कशाला लिहू.

दसरा झाला आणि आम्ही पेटी भिंतीच्या फळीवर ठेवून जोडली. टेपची तार लावली. अव्वानं स्वतःच्या हातानं कॅसेट घातली. तीच शीळ, तीच चरचर, पण आता टीव्हीच्या कडेनं काळ्या-पांढऱ्या पट्ट्या पळत होत्या, आवाजाबरोबर. आवाज थांबला. पडदा काळा झाला, तात्यांनी खाली बघितलं, आणि मग वर कोपऱ्यात एक पांढरा चौकोन उघडमीट करायला लागला. पेटी जागी होती. माझ्या डब्यावर. मी उठून बाहेर जाऊन आलो, कारण मला कुणी रडताना बघावं असं वाटत नव्हतं.

सुमननं मल्हारीनं शिकवली होती तशी बटनं दाबून आतलं लिहिलेलं पडद्यावर काढलं आणि वाचून सांगितलं. फार काही नव्हतं. अव्वा मागं वाडग्यात असली की पुढच्या दाराला कोण आलं ते तिला कळायचं नाही, म्हणून मल्हारीनं बाहेर चौकटीला एक बटन बसवून त्याची तार डब्याला जोडली होती. कुणीही बटन दाबलं की पेटी एकदा वाजायची आणि पडद्यावर यायचं, कोणीतरी आले. स्वतःसाठी त्यानं वेगळं ठेवलं होतं. दोनदा तुटक आणि एकदा लांब दाबलं की चढता सूर वाजायचा, आणि इंग्रजी अक्षरांत यायचं: अव्वा कवाड उघड मी आलोय. दिवाळीला आला तेव्हा चार दिवस हा खेळ चालला होता, पण तोच ह्या कॅसेटीत भरलाय हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मग बटन, तार, डबा सगळं काढून घेऊन गेला. एका घंटीनं भागलं असतं. पण पोरगं होतं.

"बघितलंस?" तात्या अव्वाला म्हणाले, अगदी मऊ आवाजात. "दाराची घंटी हाय ती. दुसरं काय न्हाय त्यात." अव्वा भाकऱ्या वाढायला उठली. तात्या तंबाखू मळायला लागले आणि मला वाटलं, झालं, अव्वा सुटली. सुमननं पेटी बंद न करता आतलं ते परत सुरू केलं, तसंच असू दे म्हणून. आम्ही जेवायला बसलो. उन्हाचा तुकडा जमिनीवरनं सरकत फळीवर चढला होता. माझ्या हातात घास होता, आणि पेटी वाजली.

चढता सूर. पडद्यावर अक्षरं आली, एकेक, टाइप केल्यासारखी. ए, व्ही, व्ही, ए. मी पुढचं लावून वाचेपर्यंत अव्वा उठलेली होती. तिला वाचता येत नव्हतंच, तिला सूर ओळखू आला. ती खरकट्या हातानं गेली आणि तिनं कवाड उघडलं. बाहेर ऊन. एवढं ऊन की दारात काही उभं असतं तरी पहिल्यांदा दिसलं नसतं. ती उंबऱ्यावर उभी राहिली, मग बाजूला सरली, जशी आत येणाऱ्याला वाट द्यावी. आणि म्हणाली, "पाय धू, भाकरी गरम हाय."

मी डब्याचे दोन्ही स्क्रू बघितले. तार नाही, काही नाही. चौकटीला बटन नाही, फक्त भोक. मी म्हणलं, लूज असेल. तात्यांच्या हातातला घास ताटलीत पडला होता.

त्यानंतर रोज नाही, पण दुपारी लाइट असली आणि पेटी चालू असली की कधी ना कधी तो सूर व्हायचा. अव्वानं टेपवर कॅसेट ऐकायची सोडली. आता फक्त पेटीला ऐकवायची, आणि समोर बसून राहायची. कवाड उघडं ते उघडंच, दिवसरात्र. दारात कुणी उभं राहिलं की ओरडायची, वाट सोडा म्हणून. मी डबा उघडून एकेक टाका तपासला. कुठं लूज नाही, माझं काम चोख होतं. मग एक दिवस मी गेलो तर घरात कुणी नव्हतं, पेटी एकटीच चालू, अक्षरं पडद्यावर तशीच. तात्या आणि सुमन पायवाटेनं अव्वाला धरून आणत होते. सूर झाल्यावर ती दारात थांबली नाही, बाहेर पडली, माळ उतरून सरळ हमरस्त्याला लागली आणि मधल्या पट्ट्यानं हैद्राबादच्या अंगाला चालत राहिली. ट्रकवाल्यांनी गाड्या थांबवल्या म्हणून सापडली. पायाला चपला नव्हत्या, तळवे भाजलेले. ती सांगत होती, पोरगं आत येईना, बाहेरनंच परत जातंय, म्हणून गेले मी. सुमन तिचे पाय ताकात बुडवत होती. तात्या माझ्याकडं आले.

"दत्तू, मी तुला म्हणलं व्हतं, तिला दाखव, ह्यात काय न्हाय. तू तर त्याला दारात आणून उभा केलास." ते चिडले असते तर बरं वाटलं असतं. "आता पुढच्या बारीला ट्रकवाल्यानं ब्रेक न्हाय मारला तर?"

मी पेटीपुढं जाऊन बसलो आणि ठरवलं की सापडल्याशिवाय उठायचं नाही. डबा उघडला नाही. नुसता बघत बसलो, सोल्डरिंग हातात न घेता. उन्हाचा तुकडा फळीवर आला, डब्यावर चढला, आणि मग दिसलं. दोन पितळी स्क्रू म्हणजे दोन डोळे, आणि त्यांच्या बरोबर मधोमध अव्वानं खंडेनवमीला हळदीकुंकवाचा टिळा लावलेला. कुणीही तिथंच लावला असता. एवढंच नाही, त्या दिवसापासून ती रोज आंघोळ करून त्याच जागी ओलं कुंकू लावत होती. थर जाड झाला होता, दोन्ही स्क्रूंना टेकलेला. ओल्या कुंकवातनं थोडा करंट जातो. दुपारी ऊन पडलं की सुकतं, तडकतं, कुठं सुटतं, कुठं टेकतं. पेटीला वाटणार, बटन दाबलं.

एवढ्यानं माझं समाधान व्हायला पाहिजे होतं. पण लिहायला बसलोय तर एक राहिलेलं लिहितो. कुंकू वेडंवाकडं टेकत असेल तर पडद्यावर कधीतरी नुसतं कोणीतरी आले असंही यायला हवं होतं. एकदाही आलं नाही. आला तो फक्त मल्हारीचाच सूर, दोन तुटक, एक लांब. पुण्याला कॉम्प्युटरमधलाच माणूस आहे माझ्या भाच्याचा दोस्त, त्याला सांगितलं तर म्हणाला, काका, असं होऊ शकतं, योगायोग. मी म्हणलं, मग दुसरं का नाही झालं? तो मोबाइल बघायला लागला.

मी तात्यांना बोलावून दाखवलं. तात्या म्हणाले, पूस. मी चिंधीला स्पिरिट लावलं आणि हात पुढं नेला, तर अव्वानं मनगट धरलं. ती कधी मागं येऊन उभी राहिली कळलं नव्हतं. भाजल्या पायांनी उभी होती. वाहिलेलं कुंकू पुसत नाहीत हे मलाही माहीत होतं. कातरीवरचं, मीटरवरचं आपोआप झिजून जाईल तेव्हा जातं. माझ्या मीटरवर अजून आहे. मी तिला खाली बसवलं आणि शांतपणे सांगितलं, की अव्वा, हे ह्या कुंकवानं होतंय. मल्हारी नाही. तुम्ही लावलं, ऊन पडलं, म्हणून ते वाजतं. दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ती माझ्या तोंडाकडं बघत होती, शब्दन् शब्द ऐकत होती.

"म्हंजी मीच बलावलं त्याला," ती म्हणाली.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण तात्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"रोज कुंकू लावून बलीवते, आन् त्यो येतोय बिचारा," ती म्हणाली. "आत येता यीना, जाताबी यीना. ह्या उन्हात उभं केलं व्हय मी त्याला." बाहेर वाडग्यात एक कोकरू ओरडून गप झालं. तिनं माझ्या हातातली चिंधी घेतली नाही. पदराचं टोक स्पिरिटात बुडवलं आणि दोन स्क्रूंच्या मधलं कुंकू स्वतः पुसलं, लेकराचं तोंड पुसावं तसं, कोपऱ्याकोपऱ्यातनं, पितळ चकचकीत होईपर्यंत. पदर लाल झाला. सुमन भिंतीकडं तोंड करून उभी होती.

मग अव्वानं सांगितलं, एकदा लाव. मी पेटी बंद करून परत चालू केली. कॅसेट घातली, शीळ झाली, चरचर झाली, चौकोन उघडमीट करायला लागला. आम्ही चौघं बसलो. ऊन डब्यावर आलं, डब्यावरनं भिंतीवर गेलं, भिंतीवरनं वर चढून नाहीसं झालं, बाहेर मात्र अजून लख्ख होतं. काही वाजलं नाही. सुमननं विचारलं, मी दोन तारा टेकवून एकदाच दाखवू का, शेवटचं, तसाच सूर येईल. अव्वा म्हणाली, "नगं. निघालाय त्यो. मागं बलवू नगंस."

ती उठली, भिंतीचा आधार घेत दाराशी गेली, आणि इतके दिवस उघडं असलेलं कवाड लावायला लागली. बाहेर तिनं बघितलं नाही, मान खाली होती. मी तिच्या मागं होतो, मी बघितलं. तात्यांची मेंढरं दारापुढच्या मोकळ्या जागेत होती. मेंढरं उन्हाच्या वेळी कशी असतात हे तिकडच्या माणसाला सांगायला नको. एकमेकांच्या पोटाखाली मुंड्या घालून घट्ट गोळा होतात, धोंडा मारला तरी मुंडी वर काढत नाहीत. त्या वक्ताला झाडून सगळ्यांच्या मुंड्या वर होत्या. अव्वाकडं नव्हतं बघत एकही. दारापासनं सुरू होऊन त्यांची तोंडं हळूहळू, सगळ्यांची एकदम, पायवाटेच्या अंगाला वळत चालली होती, जशी जवळनं एखादं ओळखीचं माणूस निघून जाताना वळतात. पार खाली, हमरस्त्यापर्यंत. अव्वानं दुसरी फळी ओढली आणि आतनं कडी घातली.